मागची प्रत

"मागचीच दिली की वो म्या! आनी किती मागं जाऊ? मिरजंला?"

खिडकीसमोरच्या रांगेत हशा पिकला. मी खिडकीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यातल्या टेबलावर वाकून एका पंपाचं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवत होते. कारखाना सांगली आणि मिरज यांच्या मधल्या रस्त्यावर होता, त्यामुळे मागे जायचं तर मिरजेलाच, हा विनोद तिथे कुणालाही कळला असता. मीही मनात हसले. पण मान वर केली नाही. पुरुषांच्या रांगेकडे बघायचं नाही, हा नियम मी नोकरीच्या पहिल्या दिवशी स्वतःला घालून घेतला होता.

बोलणारा एक तरुण टर्नर होता. लेथवर पंपाचे शाफ्ट कातायचं त्याचं काम. आदल्या दिवशी त्याचा एक अख्खा लॉट तपासणीत नापास झाला होता, कारण त्याने तो जुन्या ड्रॉइंगप्रमाणे कातला होता. नव्या ड्रॉइंगमध्ये बेअरिंग बसतं ती जागा थोडी जाड केली होती. जाड राहिलेलं पुन्हा कातता येतं. बारीक झालेलं लोखंड परत जाड होत नाही. फोरमनने त्याला खिडकीवर पाठवलं होतं, नव्या ड्रॉइंगचं तू काय केलंस ते शोधून ये म्हणून.

खिडकीत आमचे हवालदार बसायचे. ते लष्करातून निवृत्त झालेले, तिथे बिनतारी संदेशांच्या खात्यात होते. कारखान्यातल्या सगळ्या ड्रॉइंगच्या प्रती त्यांच्या ताब्यात. काम झालेल्या प्रती माणसं न बोलता टाकून जात, त्या परतीच्या पेटीतून त्यांनी एक घडी बाहेर काढली आणि खिडकीच्या फळीवर आपटली.

"ही काय? नवी आहे ही. मागची पेटीत टाकायची, तर तू नवी टाकलीस."

"आवं हवालदार, मागचीच हाय ती!"

"जवान, शहाणपणा नको. पुढचा कोण? बोला!"

टर्नर बाजूला झाला. जाताना तो हसत नव्हता. माझी रेघ तेवढ्यात थोडी जाड झाली आणि मला ती ब्लेडने खरवडावी लागली.

खिडकीची पद्धत बाहेरच्या माणसाला विचित्र वाटली असती. आमच्याकडे प्रत्येक भागाचं ड्रॉइंग सारखं बदलत असे. कुठे भोक मोठं होई, कुठे जाडी वाढे. प्रत्येक बदलानंतर कोपऱ्यातल्या चौकटीत पुढचं अक्षर पडे: ए, बी, सी. कुठल्या यंत्रावर कुठलं अक्षर चालू आहे, हे बिनचूक राहावं म्हणून खिडकीवर बोलण्याचा एक क्रम ठरलेला होता. आधी काम, मग ड्रॉइंगचा नंबर, मग अक्षर. "न्यायला, एकशे बारा, बी." किंवा "बघायला, एकशे बारा, सी." क्रम चुकला की हवालदार फक्त "पुन्हा" म्हणत. काय चुकलं ते सांगत नसत. शेतावरून थेट कारखान्यात आलेली माणसं तिथे घाम पुसत उभी राहायची. एकाने वैतागून विचारलं होतं, "आवं, निदान कुठं चुकलं ते तरी सांगा की!" त्यावरही हवालदार म्हणाले, "पुन्हा."

खिडकीच्या वर एक सूचनाफलक होता. आमच्या मुख्य ड्राफ्ट्समननी तो लिहिला होता. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या आधीचा फलक मी पाहिलेला नाही, पण तो ते पाठ म्हणून दाखवत: "पूर्वनिर्गमित आरेखन समर्पित केल्याविना नूतन आरेखन निर्गमित होणार नाही." हे म्हणताना ते नाकाला चिमटा लावल्यासारखा आवाज काढत आणि मग अभिमानाने आपल्या फलकाकडे बोट दाखवत. त्यांचा फलक सरळ, घरगुती मराठीत होता:

"चालू लॉट संपला की मागची प्रत पेटीत टाकावी. पुढच्या प्रतीप्रमाणे काम करावे."

"बघा बाई," ते मला म्हणत, "मराठी अशी असावी. शेंबड्या पोराला कळली पाहिजे."

मला खरंच तो फलक आवडायचा. मला मराठी वाचायला वेळ लागे, पण हा फलक मी पहिल्या दिवशी एका दमात वाचला होता. वडील लष्करात होते. त्यांच्या बदल्यांमागे माझी शाळा फिरत राहिली, आणि शेवटी मला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. तिथे मराठी बोललं की दंड म्हणून एक इंग्रजी कविता पाठ करावी लागे. सुटीत साताऱ्याला घरी आलं की शेजारच्या बायका मला मुद्दाम बोलतं करायच्या आणि पदराआड हसायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. ट्रेसिंगचा कोर्स केला, अक्षर चांगलं म्हणून ही नोकरी मिळाली, आणि सांगलीला मावशीकडे राहायला आले. कारखान्यात ट्रेसर म्हणून मी एकटीच मुलगी. न बोलता करता येईल असं काम मिळाल्याचा मला केवढा आनंद झाला होता!

नापास झालेल्या लॉटचा गवगवा दोन-तीन दिवस चालला. मग मास्तर माझ्या टेबलाशी आले.

"बाई, त्या फलकाचा रंग उडालाय, म्हणून कुणी वाचत नाही. मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून काढा. एक खिडकीवर, एक यंत्रांच्या शेडमध्ये. अक्षरं तुमची, शब्द तेच. सोमवारी साहेबांना दाखवायचाय."

मी मान हलवली. मग धीर करून विचारलं, "आणि तो टर्नर?"

"त्याचंही सोमवारीच. त्याला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. आता कसला कायम होतोय?"

फलकाची पाटी घासून मी पांढरा रंग दिला, पेन्सिलीने रेघा आखल्या, आणि "चालू लॉट संपला की" एवढं लिहून झालं. पुढचा शब्द "मागची". तिथे माझा ब्रश थांबला.

मला मावशीचं फडताळ आठवलं. सांगलीला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मावशी मला म्हणाली होती, "मागची बरणी काढ गं, ती आधी संपवू." फडताळात लोणच्याच्या दोन बरण्या होत्या, एक पुढे, एक मागे. मी हात लांब करून, पुढची न सांडता, मागे ठेवलेली बरणी काढली आणि तिच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडून ती पानांशी नेऊन ठेवली.

"अगं बाई! ही तर आत्ता घातलेली. मुरली कुठाय अजून? मागची म्हणजे मागच्या वर्षीची!"

काका जेवता जेवता म्हणाले, "पाचगणीला बरण्या मागं ठेवत नाहीत वाटतं."

सगळे हसले, मीही हसले. माझं मराठी कच्चं, असं म्हणून मी तो विषय मनात मिटवून टाकला होता. पण खिडकीवर ओरडणारा तो टर्नर विट्याकडच्या खेड्यातला. त्याच्या मराठीत कच्चं काय असणार? तो कुठल्या पाचगणीला गेला होता?

शेडमधल्या भिंतीचं माप घ्यायच्या निमित्ताने मी दुसऱ्या दिवशी यंत्रांकडे गेले. निमित्त खरंही होतं. हातात टेप होती. मी शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर दोन लेथवरची गाणी थांबली.

"काय ताई, वाट चुकलासा जनू?" टर्नर म्हणाला. त्याने लेथ बंद केलं आणि हात चिंधीला पुसले.

मी भिंतीकडे टेप दाखवली. मग त्याच्या यंत्राशेजारच्या लाकडी फळीकडे बघितलं. प्रत्येक यंत्रापाशी अशी एक फळी असे आणि तिला वर लोखंडी क्लिप. क्लिपमध्ये आता दुसऱ्याच एका भागाच्या दोन प्रती होत्या. वरची तेलाने पिवळी, बोटांच्या ठशांनी भरलेली. तिच्या मागून कोऱ्या प्रतीची कड डोकावत होती, तिला प्रत काढताना लागणाऱ्या अमोनियाचा वास अजून येत होता.

"ही... वरची इतकी तेलकट का?" मी विचारलं. हे मी कारखान्यात कुणा कामगाराशी बोललेलं पहिलं वाक्य असावं.

"वरची तेल खाती, मागची सवच्छ ऱ्हाती. नवी आली की फोरमन तिला मागं सारत्यात. जुन्याचा लॉट संपला की मग वरची काढायची." तो थांबला. "म्हंजी हे मला आत्ता कळलं. तवा कुनी सांगितलं न्हाई. मी नवीन मानूस. फळ्यावर वाचलं. मागची पेटीत टाका, पुढचीपरमानं काम करा. मागं हुती ती टाकली, पुढं हुती तसं कातलं."

शेजारच्या लेथवरचे एक जुने कामगार सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "तरी मी म्हनतोय, फळा वाचू नगस. मी इतकी वरसं हाय हितं, एकदा तरी वाचलाय का? चुकलोय का कवा?"

"तुमास्नी वाचाया येतंय का, मामा?"

"म्हनून तर चुकलो न्हाई, गड्या!"

तिघा-चौघांनी हसून घेतलं. मी टेपचं टोक भिंतीला लावलं, पण माप वाचलंच नाही. इतक्या माणसांत फलक वाचून अगदी तसाच वागणारा तो एकटा निघाला होता. बाकीचे एकमेकांना विचारून काम करत होते, म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि म्हणून फलकही चांगला ठरला होता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. मेव्हना मागं लागलाय, चल गलाईला म्हनून." आमच्या बाजूची पुष्कळ माणसं लांबलांबच्या शहरांत सोनं गाळायची दुकानं चालवतात, त्याला गलाई म्हणतात. त्याचा मेहुणा त्यातलाच. "लय लांब. आगीपुढं बसायचं आन् परक्या भाषेत बोलायचं. मला आपलं लोखंड बरं. आन् ही हितं मिरजंत नर्सिंग शिकतीय. तिचं शिक्षान मोडून तिला कुठं नेऊ?" मग एकदम लाजून म्हणाला, "तुमी माप घ्या, ताई. मी कायतरी बोलत बसलो."

परक्या भाषेत बोलायचं, म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

त्या शनिवारी मी एस.टी.ने साताऱ्याला गेले. रविवारी सकाळी वडील अंगणात गुलाबाला पाणी घालत होते. मी पायरीवर चहा घेऊन बसले आणि त्यांना दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तशी ही गोष्ट सांगितली. घरी आम्ही अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलत असू. त्यांनी झारी खाली ठेवली.

"हुकमाचे दोन अर्थ निघाले, तर चूक ऐकणाऱ्याची नसते," ते म्हणाले. "हुकूम देणाऱ्याची असते. आमच्याकडे असंच धरतात."

"पण हुकूम देणारे फार चांगले आहेत, बाबा. त्यांना त्या वाक्याचा फार अभिमान आहे."

"मग त्यांना जपून सांग."

"मी?"

वडील हसले आणि पुन्हा झारी उचलली. आईने निघताना कंदी पेढ्यांचा पुडा दिला, मावशीसाठी. सांगलीपर्यंत मी तो मांडीवर धरून बसले होते आणि खिडकीतून दिसणाऱ्या उसाच्या फडांकडे बघत वाक्यं जुळवत होते. इंग्रजीत ती भराभर जुळत होती.

त्या फलकाचं पुढे चांगलंच झालं, हे इथेच सांगून टाकते. फलकावर अखेर "जुनी" आणि "नवी" हे शब्द आले, आणि ते सुचवले मास्तरांनीच. पुढे नवा माणूस आला की ते त्याला आधीच्या दोन्ही फलकांची गोष्ट सांगत, नाकाला चिमटा लावून पहिल्याची आणि साध्या आवाजात स्वतःच्या फलकाची. दुसरी सांगताना जास्त हसत. टर्नर कायम झाला. त्याची बायको नर्स झाली, आणि एकदा माझ्या मावशीला मिरजेच्या दवाखान्यात तिनेच इंजेक्शन दिलं. प्रती क्लिपमध्ये मागे सारायची पद्धत मात्र तशीच राहिली. तेलापासून कागद वाचवायचा दुसरा उपाय कुणाला सापडला नाही. हवालदारांच्या "पुन्हा"शेजारी मी पुढे एक छोटी पाटी लावली: आधी काम, मग नंबर, मग अक्षर, आणि खाली एक नमुना. ते म्हणाले, "आता मला बोलायला कामच नाही उरलं." ते रागावले होते की खूश होते, ते मला कळलं नाही. माझ्याकडे मग शेतकऱ्यांना पंपाबरोबर द्यायच्या पुस्तिकेचं काम आलं. प्रत्येक वाक्य लिहिलं की मी ते मावशीला वाचून दाखवत असे आणि ती काय करते ते बघत असे. न बोलता करायचं ते काम नव्हतं, तरी मला ते आवडलं.

पण हे सगळं सोमवारनंतरचं. त्या सोमवारी सकाळी मी फलक पुरा करायला बसले. सगळी अक्षरं लिहिली, फक्त एका शब्दाची जागा मोकळी राहिली. "मागची" लिहवत नव्हतं. दुसरं काही लिहायचा अधिकार नव्हता. अक्षरं तुमची, शब्द तेच. रंग वाळतोय तोवर काही सुचेल, असं मी स्वतःला सांगत होते, तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवलेला होता. लांबूनच "वा, वा" म्हणत त्यांनी पाटी उचलली आणि मला घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघाले.

केबिनमध्ये फोरमन, हवालदार आणि टर्नर आधीच उभे होते. टर्नरने धुतलेला शर्ट घातला होता आणि केसांना पाणी लावलं होतं. टेबलावर त्याच्या यंत्राजवळची फळी आणून ठेवली होती. हवालदारांनी पेटीतून निघालेली नवी प्रत त्या दिवशी होती तशीच क्लिपमध्ये लावली होती, तेलकट जुन्या प्रतीच्या मागे.

कारखान्याचे व्यवस्थापक साहेब शांत गृहस्थ होते. ते ओरडत नसत, त्यामुळे त्यांच्यासमोर जास्त भीती वाटे.

"मला एवढंच कळत नाही," ते टर्नरला म्हणाले, "तू म्हणतोस मी सूचना वाचली. वाचून नेमकं उलटं केलंस. न वाचणाऱ्याला शिकवता येतं. वाचून उलटं वागणाऱ्याला कायम कसं करू?"

"साहेब, मागचीच दिली," टर्नर म्हणाला. या वेळी मिरजेचं नाव नव्हतं. आवाजही खाली गेला होता.

"पुन्हा तेच!" फोरमन म्हणाले.

"आणि सूचना तरी किती सोपी आहे," मास्तर पुढे झाले. "हे बघा ना साहेब, बाईंनी किती सुरेख लिहिलंय." त्यांनी पाटी टेबलावर फळीशेजारी उभी धरली.

साहेबांनी वाचलं. मग बोट ठेवलं. "इथे जागा का सोडलीय?"

मास्तरांनी चष्मा खाली ओढला. "अरेच्चा! बाई, 'मागची' राहिली की! रंग संपला का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टर्नरही. माझं इंग्रजी वाक्य तयार होतं, एस.टी.त घासूनपुसून ठेवलेलं, लांबलचक आणि निर्दोष. त्यात "ॲम्बिग्युअस" हा शब्दही होता. साहेबांना ते आवडलं असतं. पण ते बोलले असते तर ज्याच्यासाठी बोलायचं त्यालाच ते कळलं नसतं, आणि मास्तरांना मात्र फार चांगलं कळलं असतं. मास्तर माझ्याकडे बघून हसत होते, धीर द्यावा तसे. बहुधा त्यांना वाटलं, पोरगी घाबरली.

घाबरले होतेच. मी टेबलावरच्या फळीकडे बघितलं, वरच्या तेलकट कागदाकडे आणि त्याच्या मागून डोकावणाऱ्या पांढऱ्या कडेकडे, आणि म्हणाले,

"साहेब, त्या क्लिपमधली मागची प्रत मला देता का?"